घोडी घेऊ का? आधी कडबा किती आहे ते सांगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकार वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

“आमच्याकडे सात एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस, सोयाबीन, तूर घेतो. विहिरीला पाणी होळीपर्यंतच पुरतं. एक बैलजोडी आणि एक गाय आहे. शेजारच्या गावचा एक जण सहा वर्षांची पांढरी घोडी साजासकट १ लाख १० हजारांत देतो म्हणतो. आमच्या तालुक्यात एका वरातीचे पाच हजार मिळतात. निम्मे पैसे कापसाचे आहेत, निम्मे शेकडा दोननं उचलावे म्हणतो. आजोबांकडे घोडी होती, मलाही लहानपणापासून ओढ आहे. घरची म्हणते, बैलांचंच वैरण पुरत नाही, त्यात हिला काय खाऊ घालाल? घोडीचा महिन्याचा खर्च खरंच किती येतो? आणि ज्यांच्याकडे घोडे आहेत त्यांना तो कसा परवडतो?”

भाऊ,

तुमच्या पत्रात घोडीची किंमत आहे, रंग आहे, साज आहे, वरातीचा भाव आहे. ती खाणार काय, हे एकट्या वहिनींनी विचारलं. पशुवैद्यकीय खात्यात नोकरीची सगळी वर्षं गेल्यावर मला तुमच्या पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात कामाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

वरातीची मध्यम बांध्याची घोडी साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. तिला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो. म्हणजे सहा किलोच्या घरात चारा आणि वर सव्वा-दीड किलो खुराक. वर्षाचा नुसता चाराच बावीस क्विंटल होतो. पायाखाली जातो, ओला होतो, तो धरून पंचवीस क्विंटल म्हणा.

हा चारा तुमच्या सात एकरांत कुठून येणार? कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जातात. सोयाबीनचं कुटार बैल खातात, पण घोडीचं पोट त्यावर भरू नका. त्यात धूळ फार असते आणि मळणीच्या वेळी पाऊस लागला की बुरशी धरते. घोड्याला दोन्ही सोसत नाही, खोकला लागतो नाहीतर पोट बिघडतं. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार थोडं थोडं चालतं. मुख्य चारा मात्र कडबा किंवा चांगलं वाळलेलं गवतच हवं. आपल्याकडे ज्वारी मागे पडली आणि तिची जागा सोयाबीननं घेतली. जे पेरतात त्यांना रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरांपायी रात्री जागल करावी लागते. म्हणून कडबा आता पैसे मोजून आणायची वस्तू झाली आहे.

तुमच्या आजोबांना घोडी परवडली, त्यामागे हेच कारण होतं. घरोघरी ज्वारी होती, कोठ्यामागे कडब्याच्या गंज्या होत्या, गावाला चराईचं रान होतं. चाऱ्याला रोख पैसा लागत नव्हता. शिवाय घोडी ही त्यांची मोटारसायकल होती. बाजार, तालुका, पाहुणेरावळे सगळं तिच्यावर व्हायचं. ती रोज उपयोगी पडायची आणि वावरातलंच खायची. तुमची घोडी वर्षातले थोडे दिवस कमावणार आणि बाकीचे दिवस विकतचं खाणार. ओढ तीच असली तरी हिशेब अगदी वेगळा आहे.

आता आकडे मांडतो. भाव जागोजागी वेगळे असतात, तेव्हा माझे भाव खोडून तुमच्या बाजारातले लावा. मोजमाप मात्र बदलू नका.

कडबा आणि वाळलं गवत मिळून किलोला आठ रुपये धरले, तर नासाडीसकट महिन्याला सोळाशे रुपये. खुराकात अर्धा किलो भिजवलेला हरभरा, पाऊण किलो ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा आणि पावशेर गव्हाचा कोंडा. रोजचे साठ रुपये, महिन्याचे अठराशे. मीठ आणि खनिज मिश्रण दोनशे. इथपर्यंत ३,६०० झाले, आणि बहुतेक लोक इथेच थांबून “साडेतीन हजारांत घोडी सांभाळतो” असं सांगतात.

पुढचं कोणी मोजत नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून नाल बदलावी लागते. बैलांचा नालबंद गावात असेल, पण बैलाच्या दुभंगलेल्या खुराला नाल मारणं आणि घोड्याच्या अखंड टापेला मारणं ही वेगळी कामं आहेत. चुकीचा खिळा आतल्या जिवंत भागात गेला तर घोडी महिनाभर लंगडते. घोड्याचा जाणता नालबंद आता तालुक्यालाही सापडत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ च्या गणनेत ते साडेतीन लाखांच्याही खाली आले. घोडेच उरले नाहीत, तर नालबंदाचं पोरगं तो धंदा कशाला शिकेल? तेव्हा अमरावती, अकोला, नागपूरकडून माणूस बोलवायचा तर त्याच्या येण्याजाण्यासकट महिन्याकाठी आठशे रुपये धरा.

धनुर्वाताची लस, जंताचं औषध, रक्ततपासणी, माश्यांवरची फवारणी हे वर्षाचं वाटून महिन्याला पाचशे. धनुर्वाताच्या लशीत काटकसर करू नका, या रोगाला घोड्याइतकं दुसरं कुठलंच पाळीव जनावर बळी पडत नाही. साजाची डागडुजी, दोर, झूल यांचे तीनशे. विम्याचे चारशे. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागेल, ते बारा महिन्यांत वाटलं तर आणखी चारशे. शेवटी दर महिन्याला एक हजार रुपये बाजूला टाकायचे, रात्री-बेरात्री पोटशूळ उठला तर डॉक्टर, सलाइन आणि टेम्पोसाठी. हे हजार रुपये ज्याच्याकडे नसतात, त्याची घोडी पहिल्या मोठ्या दुखण्यात जाते.

सगळं मिळून महिन्याला सात हजार, वर्षाला ८४ हजार झाले. यात माणसाची मजुरी एक पैसाही धरलेली नाही. चारा-पाणी, शेण काढणं, खरारा, फिरवणं यात रोजचे दोन-अडीच तास जातात. तुम्ही डवऱ्यामागे असाल तेव्हा ते कोण करणार? वहिनीच. त्यामुळे त्यांचा होकार मनापासूनचा हवा. त्या तयार नसतील तर माझं पुढचं सगळं वाचूनही घोडी घेऊ नका.

सहा वर्षांची घोडी अजून दहाएक वर्षं चांगलं काम करेल. तिच्या किमतीचे वर्षाला ११ हजार झिजतात, ते धरून ९५ हजार. शेकडा दोननं ५५ हजार उचलले तर महिन्याला ११०० रुपये नुसतं व्याज, ते वेगळंच.

आता कमाईकडे या. पाच हजारांची वरात तुमच्या हातात पाच हजार देत नाही. पिकअपचं भाडं बाराशे, लगाम धरायला सोबतच्या गड्याचे पाचशे, काम आणून देणाऱ्या बँडवाल्याचे पाचशे. उरले अठ्ठावीसशे. कर्ज न काढताही खर्च भरून यायला वर्षाला चौतीस वराती लागतात. चौतिसाव्या वरातीपर्यंत तुमच्या मेहनतीचा मोबदला शून्य आहे.

चौतीस वराती मिळतील का? चातुर्मासात लग्नं नाहीत, पौषात फारशी नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर थोडा काळ आणि मग माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंत, हा तुमचा हंगाम. त्यातही दाट तिथीला चार गावांतून एकदम बोलावणं येतं आणि घोडी एकच असते. पुढचे दहा दिवस कोणी विचारत नाही. नव्या माणसाला पहिल्या वर्षी दहा-बारा कामं मिळाली तरी पुष्कळ, कारण बँडवाले आपल्या ठरलेल्या घोडीवाल्यालाच सांगतात. म्हणजे पहिल्या वर्षी पन्नास हजारांहून जास्त घरातून घालावे लागतील, ही तयारी हवी.

मग ज्यांच्याकडे घोडे आहेत त्यांना कसं परवडतं? मी पाहिलेले घोडेवाले ढोबळमानानं तीन तऱ्हेचे, आणि चौथ्यांबद्दल बोलायला मला त्रास होतो.

पहिले पिढीजात घोडीवाले. त्यांच्याकडे दोन-चार घोड्या असतात, बग्गी असते, बऱ्याचदा बँड आणि मंडपही घरचाच. टेम्पो स्वतःचा, त्यामुळे भाड्याचे बाराशे घरातच राहतात. नालबंद एकदा आला की सगळ्यांच्या नाला होतात. एका तिथीला तीन कामं पेलतात. घरातले पोरंच लगाम धरतात. अशा घरात एका घोडीमागचा खर्च तुमच्यापेक्षा बराच कमी पडतो, आणि तुम्ही त्यांच्याच भावात त्यांच्याशी टक्कर घेणार आहात.

दुसरे शौकीन. कोणाची ठेकेदारी, कोणाचा पेट्रोलपंप, कोणाचं राजकारण. फार्महाऊसवर मारवाडी किंवा काठियावाडी घोडा बांधलेला असतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत नंदुरबारला जाऊन लाखालाखांचे सौदे करतात, किंवा खंडोबाच्या माळेगावला जातात. त्यांचा घोडा कमावत नाही आणि त्यानं कमवावं अशी अपेक्षाही नसते. त्यांना परवडतं कसं, याचं उत्तर घोड्यात सापडणार नाही. त्यांच्यातले काही शिंगरू विकतात, नर लावायचे पैसे घेतात. ते पाहून “आपणही पैदास करू” असं मनात येऊ देऊ नका. घोडी अकरा महिने गाभण असते, शेवटचे तीन महिने आणि व्याल्यानंतर काही महिने तिला कामाला लावता येत नाही, आणि शिंगरू तीन वर्षांचं होईपर्यंत पाठीवर माणूस घेण्याजोगं नसतं. तोवर दोन तोंडं खाणार.

तिसरे, ज्यांच्या घोड्याला बारमाही किंवा जवळपास बारमाही काम आहे. माथेरानला गाड्यांना बंदी आहे, महाबळेश्वरला वेण्णा तलावावर पर्यटक येतात. तिथला घोडा रोजचं रोज थोडं कमावतो. आपल्या कापसाच्या पट्ट्यात असं काम नाही.

आणि चौथे ते, ज्यांना परवडत नाही आणि तरी घोडी ठेवलेली आहे. आषाढ लागला की ते खुराक बंद करतात. मग चारा अर्धा होतो. मग घोडीचे पुढचे पाय दोरीनं जखडून तिला बसस्टँडमागे सोडून देतात, ती उकिरड्यावरचं प्लास्टिक खाते. कार्तिकात पुन्हा पकडून आणतात, महिनाभर गूळ-हरभरा चारून बरगड्या झाकतात आणि वर जरीची झूल टाकतात. वरातीत नाचणाऱ्या लोकांना झुलीखालचं दिसत नाही. यांतले बहुतेक वाईट माणसं नाहीत. घोडी घेताना त्यांनीही तुमच्यासारखाच वरातीचा भाव धरला होता आणि चातुर्मास विसरले होते. तुमच्या पत्रातली ओढ खरी आहे म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितो आहे. ती घोडी या चौथ्या घरात जाऊ नये आणि तुम्हीही जाऊ नये.

काटकसर सुचते तेव्हा आपल्या लोकांचा पहिला विचार असतो, “बैल खातो तेच टाकू.” हे धोक्याचं आहे. बैल रवंथ करतो, त्याचं पोट चार कप्प्यांचं. घोड्याचं जठर लहान, चारा आंबतो तो मागच्या आतड्यात, आणि घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं पोटात गेलं की बाहेर यायला वाट नसते. सरकीची ढेप बैलाला टोपलीनं देतो, तशी घोडीला देऊ नका. दुकानातल्या काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते गाई-बैलांना चालतं आणि घोड्याला थोड्या मात्रेतही मारतं. गाईचं पोतं घोडीपुढे ओतायचंच नाही, हा नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. बांधावर नेपियर गवत असेल तर तेही रोजचं नको, त्यातलं ऑक्झलेट घोड्याचं कॅल्शियम बांधून टाकतं. कोंडा स्वस्त म्हणून वाढवला तर त्यातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे तोच प्रकार होतो, हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजतात. म्हणून वर मी कोंडा पावशेरच धरला. हिरव्या ज्वारीत घोडी चरायला सोडू नका. कोवळ्या पोंग्यांचं विष सगळ्याच जनावरांना लागतं, घोड्याचं त्याशिवाय मूत्राशय आणि मागचे पायही त्यानं लुळे पडतात. नीट वाळलेला कडबा चालतो. धुऱ्यावरचं गवत उत्तम, त्यात मारवेल असेल तर फारच चांगलं, पण कापसावर फवारणी चालू असताना तिथलं कापू नका. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार दगावले, ते तुम्ही विसरला नसाल. तेच औषध गवतावरही उडतं.

लग्नातली उरलेली बुंदी, पोळ्या, भात लोक प्रेमानं घोडीला चारतात, आणि मालकालाही वाटतं, एक वेळचा खुराक वाचला. त्याच रात्री ती लोळायला लागते, कुशीकडे वळून पाहते, पायानं माती उकरते. हा पोटशूळ. अशा वेळी नाकातून किंवा तोंडातून तेल ओतू नका, ते फुफ्फुसात उतरतं. १९६२ वर फोन करून जनावरांच्या डॉक्टरांच्या फिरत्या पथकाला बोलवा आणि पथकाची वाट पाहताना तालुक्याच्या दवाखान्यालाही कळवा.

बैलांशेजारी बांधण्यात आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात डांस, म्हणजे जनावरांवरच्या मोठ्या माश्या, चावतात, त्यातून सर्रा हा रक्तातला रोग पसरतो. गाई-बैलांच्या रक्तात तो कित्येकदा गुपचूप राहतो, घोड्याला मात्र ताप, अशक्तपणा, पायावर सूज येऊन महिन्या-दोन महिन्यांत संपवतो. म्हणून घोडीची जागा कोठ्यापासून जरा लांब, हवेशीर हवी. टिनाचं छप्पर आपल्या उन्हात भट्टी होतं. तुराट्यांचा कूड आणि वर गवताचं जाड छप्पर, यात खर्च कमी आणि गारवा जास्त.

उन्हावरून तुमच्या विहिरीकडे येतो. माझ्या दृष्टीनं कर्जापेक्षाही मोठी अडचण ही आहे. घोडीला रोज तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, मे महिन्यात काम असेल त्या दिवशी पन्नासच्या वर. तुमची विहीर होळीला आटते, आणि तुमचा हंगाम होळीनंतर तापतो. ऐन कमाईच्या दिवसांत तुम्ही ड्रम घेऊन फिरणार. पाणी कमी पडलं आणि कोरडा कडबा पोटात गेला की आतडं बांधतं, पोटशूळाचं ते नेहमीचं कारण आहे.

दुसरं, आपल्याकडे मे महिन्यातली लग्नं कित्येकदा दुपारी बाराच्या ठोक्याला असतात आणि पारा पंचेचाळिशीला. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावराकडून काम घ्यायला मनाई आहे. नवरदेव पाठीवर घेणाऱ्या घोडीलाही तोच न्याय लावा आणि दुपारची कामं घेऊच नका. कमाईचा आकडा धरताना ही कामं आधीच वजा करा. त्याच नियमांत काटेरी लगामालाही मनाई आहे. साजासकट घोडी मिळते म्हणता, तर त्या साजातला लगाम हातात घेऊन बोट फिरवून बघा. आणि पांढरी घोडी नुकरी असेल, म्हणजे केसांखालची कातडी गुलाबी, तर तिची कातडी उन्हात भाजते. वरातीत तिलाच जास्त भाव, म्हणून किंमतही जास्त, आणि आपल्या उन्हात सांभाळायला तीच अवघड.

अनुदानाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सांगेलच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवं, खेचरं, उंट यांचा समावेश केला. ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख. ते पैदाशीचा उद्योग उभारणाऱ्यांसाठी आहे, वरातीच्या एका घोडीच्या कडब्यासाठी नाही. हे मिळवून देतो म्हणून कोणी अर्जाचे पैसे मागितले तर देऊ नका. त्याच अभियानात पशुविम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा सरकार उचलतं, त्याबद्दल मात्र तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना जाऊन जरूर विचारा. वर धरलेले चारशे त्यानं कमी होऊ शकतात.

माझा सल्ला असा. यंदा घोडी घेऊ नका, आणि व्याजाच्या पैशानं तर कधीच नाही. येत्या खरिपात एक एकर ज्वारी पेरा, उंच कडब्याचं वाण बघून. राखण करावी लागेल, ती करा. पाऊस बरा झाला तर एका एकरात घोडीचा वर्षाचा कडबा निघतो आणि दाणाही हाती येतो. हरभरा थोडा घरचा झाला तर खुराकाचा मोठा भाग सुटतो. चारा-खुराक घरचा असला की दर महिन्याला खिशातून जाणारा पैसा सात हजारांवरून चार हजारांच्या आत येतो. तेव्हा अठरा-वीस वरातींत पदराला खार न लागता वर्ष निघू शकतं, आणि एवढ्या वराती दोन-तीन वर्षांत मिळवता येतात.

घोडी घेण्याआधी लग्नाच्या हंगामात एखाद्या जुन्या घोडीवाल्याकडे लगाम धरायला जा. पाचशे रुपये रोज मिळेल, बँडवाल्यांची ओळख होईल, घोडी आवाजाला कशी बिचकते, टेम्पोत कशी चढवायची, नाल सैल झाली हे चालीवरून कसं ओळखायचं, हे सगळं दुसऱ्याच्या घोडीवर शिकाल. त्यांच्याकडे हंगामाला घोडी जास्त आणि माणूस कमी असं असेल, तर एक घोडी बटईनं घेता येते का विचारा. आपल्याकडे शेळ्या देतात तसंच. चारा-राखण तुमची, घोडी त्यांची, कमाई निम्मी. मला तुमच्यासाठी हा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. चातुर्मास कसा काढायचा ते एकदा किंमत न गुंतवता अनुभवाल, आणि वहिनींनाही रोजचं काम किती ते कळेल. त्यानंतर त्या हो म्हणाल्या तर तो होकार समजा.

पाण्याचंही त्याच वर्षात बघा. विहिरीचा गाळ काढणं किंवा शेजाऱ्याच्या बोअरवरून पाण्याचा पक्का बंदोबस्त, यांतलं एक झाल्याशिवाय घोडी दारात आणू नका.

शेजारच्या गावच्या माणसाला आजच सांगून टाका की यंदा जमत नाही, म्हणजे तोही दुसरं गिऱ्हाईक बघेल. इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल आणि तो परत द्यायला तयार नसेल, तर निदान उरलेले पैसे देण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांकडून घोडीचं रक्त ग्लँडर्ससाठी तपासायला लावा. हा रोग माणसालाही होतो आणि निदान पक्कं झालं की कायद्यानं जनावर मारून टाकावं लागतं. दात बघून वय खरंच सहा आहे का ते डॉक्टरांना विचारा, कडक जमिनीवर दुडकी चालवून लंगडते का ते बघा, आणि ती कोणाच्या दावणीला, काय खाऊन होती हे विकणाऱ्याच्या घरच्या बाईमाणसाला विचारा. घोडीला चारा-पाणी करणारं माणूस बहुधा तेच असतं.